चिरा आणि यंत्राचा हात

डिजिटल फॅब्रिकेशनच्या (संगणकीय आराखड्यावरून यंत्राकडून वस्तू किंवा बांधकाम घडवण्याच्या) पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज अर्धवट ठेवून आजचा दिवस गोव्यातील पेडण्याला, मामांच्या घराच्या बांधकामावर काढला. स्वित्झर्लंडमधील गांटेनबाइन वाइनरीच्या भिंतींसाठी २००६ साली यंत्रमानवाने सुमारे २०,००० विटा नेमक्या कोनांत रचल्या. परंतु तिथे वीट एकसारखी होती, बदलत होता तो केवळ कोन. आमचा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, खाणीतून निघताना मऊ असतो, उघड्या हवेत कठीण होत जातो, आणि त्याच्या पोटात कुठे पोकळी आहे, कुठे मातीची शीर, हे गवंड्याला तासतानाच कळते. (आजच्या गवंड्याने तीन चिरे नुसते वाजवून बाजूला काढले.) अर्जातील ‘सामग्रीचे वर्तन’ हा गुळगुळीत परिच्छेद मी रात्री खोडला आणि प्रत्येक चिरा स्कॅन करून त्याची भिंतीतील जागा कशी ठरवावी, या प्रश्नापासून नव्याने लिहायला घेतले.