सुपारीतलं गाणं

देवगड, गुरुवार, रात्री

आज दुपारी गिटारच्या तारा बदलल्या. गणपतीचे कार्यक्रम संपले की हे काम टाळता येत नाही. खारी हवा, भाद्रपदातली अचानक येणारी सर, वर स्टेजवरचा घाम. बारीक तारांवर तांबूस ठिपके आले होते आणि बोटांच्या पेरांना लोखंडाचा वास लागला होता. मुंबईत होतो तेव्हा एक संच कितीतरी दिवस पुरायचा. इथे वाजवून झालं की सुक्या फडक्याने एकेक तार खालून-वरून पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, तरी गंज चढतोच. त्या पुड्या मी बुटांच्या खोक्यांतून गोळा करतो. वाडीत कुणी नवे बूट घेतले की खोकं आधी आमच्याकडे येतं.

या वेळी तारा एक नंबर जाड घेतल्या. कारण पुन्हा तेच गाणं, आमच्या बँडचं गाजलेलं, दर कार्यक्रमात गावं लागणारं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात आहे. ध्रुवपदाच्या शेवटी आवाज चढवून तिथेच धरून ठेवायचा आहे, आणि चाळिशी ओलांडल्यावर माझा गळा दर वेळी तिथे पोचेलच याची हमी मी देत नाही. म्हणून आम्ही सगळेच अर्धा सूर खाली उतरलो. तारा उतरवल्या की सैल पडतात, फ्रेटवर खडखडतात. जाड घेतल्या की ताण परत येतो. ऐकणाऱ्यांना यातलं काही कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्याच कार्यक्रमाहून घरी आलो तर बाबा पडवीत बसलेले. म्हणाले, "पांढरी तीन सोडलंस वाटता. काळी दोन लावलंस मा?" बाबा भजनात पेटी वाजवतात. त्यांच्यापासून काय लपणार?

लोक नेहमी विचारतात, तेच तेच गाऊन कंटाळा नाही येत? लग्नात विचारतात, एसटीत विचारतात. मी ठरलेलं उत्तर देतो, लोकांचं प्रेम आहे वगैरे. खरं म्हणजे कंटाळा हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. कंटाळा आला म्हणून कुणी काम सोडत नाही. माझी अडचण वेगळी आहे आणि ती इथे, गावात, जास्त टोचते.

गाणं लिहिलं तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा. बाग बघणार नाही, आंब्याच्या पेट्या भरत आयुष्य काढणार नाही, असं बाबांना तोंडावर सांगून निघालो होतो. डोंबिवलीत ड्रमरच्या मावशीच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, एका बैठकीत शब्द झाले. ध्रुवपद एवढंच : परत येणार नाही. बाकी कडव्यांत जे आहे ते आज वाचलं तर कान गरम होतात, पण त्या वेळी त्यातला शब्दन् शब्द खरा होता. राग खरा होता. म्हणूनच ते चाललं असावं. त्यानंतर आम्ही कितीतरी चांगली गाणी केली (हे मी म्हणतोय, पण बेसवालाही म्हणतो), त्यातलं एकही त्याच्या जवळपास गेलं नाही.

आणि मी परत आलो. २०२० मध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून आलो आणि राहिलो. आता बाग मीच बघतो. पाऊस ओसरला की बेणणी, मोहोर आला की फवारण्या, मार्चपासून काढणी. कार्यक्रम असला की बाकीचे तिघे मुंबईहून येतात, नाहीतर मी जातो. म्हणजे परत येणार नाही असं घसा फोडून सांगणारा माणूस कार्यक्रम संपवून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या आपल्याच घरी झोपायला जातो.

आता गणपतीतली मैदानं डोळ्यांपुढे आणा. समोर सगळे चाकरमानी. कुणी दोन महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसून तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलेलं, कुणी जादा एसटीत पाय मुडपून रात्र काढलेली, कुणी मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांना शिव्या घालत आलेला. कशाला? तर गावी यायला. आणि ही सगळी माणसं हात वर करून, डोळे मिटून, एका सुरात ओरडतात : परत येणार नाही! दर वर्षी. गेल्या आठवड्यात अगदी पुढे एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, खाली अर्धी चड्डी, वर इस्त्रीचा सदरा, हातात प्रसादाच्या पंचखाद्याची पिशवी, खांद्यावर नात. तिच्या दोन्ही पायांचे घोटे एका हाताने धरलेले आणि दुसऱ्या हाताने ते पिशवी हलवत होते. पिशवीतलं खोबरं उडत होतं. कार्यक्रमानंतर ते भेटायला आले आणि म्हणाले, "सोमवारची गाडी आसा. ह्या ऐकल्याशिवाय जावक बरा वाटत नाय." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

ती माणसं काय म्हणतायत हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ काय होतो ते मला अजून नीट मांडता येत नाही. सोमवारी जावं लागणार याचा राग असेल. किंवा परतीचं तिकीट खिशात असलं की असं ओरडायला बरं वाटत असेल. काही असो, गाणं त्यांचं झालंय आणि त्यांच्या तोंडी खोटं वाटत नाही. खोटं वाटतं ते माझ्या तोंडी. मैदानात हजारभर माणसं गातात आणि त्यातला एकच जण नाटक करत असतो, ज्याच्या हातात माईक आहे तो.

शेजारच्या काकींचं मात्र गाण्याशी सरळ भांडण आहे. त्यांचा मुलगा कुवेतला. "असा वंगाळ बोला नये रे झिला, वास्तू तथास्तु म्हणता," असं त्या मला दर वर्षी ऐकवतात. मी सांगितलं, काकी, मी परत आलो की. तर म्हणाल्या, "तू इलंस. माझो खंय इलो?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हे दुखणं माझं एकट्याचं नाही, एवढाच काय तो दिलासा. रेडिओहेड या इंग्लिश बँडचं 'क्रीप' हे गाजलेलं उदाहरण. १९९२ मध्ये ते आलं तेव्हा इंग्लंडमध्ये फारसं कुणी विचारलं नाही. आधी इस्रायलच्या रेडिओवर चाललं, मग अमेरिकेत, आणि १९९३ मध्ये पुन्हा बाजारात आणलं तेव्हा कुठे घरच्यांनी डोक्यावर घेतलं. ध्रुवपदाच्या आधी गिटारचे जे कर्कश तडाखे येतात ते त्यांच्या गिटारवाल्याचे, जॉनी ग्रीनवुडचे. गाणं त्याला फार मवाळ वाटत होतं म्हणून त्याने तारांवर हात हाणला, आणि नेमकी तीच त्या गाण्याची खूण होऊन बसली. पुढे लोक तेवढंच ऐकायला यायला लागले. १९९४ मध्ये त्यांनी 'माय आयर्न लंग' केलं, ते त्या गाण्यावरच्या वैतागातून. रोग्याला जगवणारं आणि त्याच वेळी आत जखडून ठेवणारं ते श्वासाचं यंत्र. १९९८ नंतर 'क्रीप' ते क्वचितच वाजवायचे. पण २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये, म्हणजे स्वतःच्याच गावात, कार्यक्रम केला तेव्हा वाजवलं. गावात सुटका नाही, हे तिकडेही खरं दिसतंय.

लेड झेपलिन बँडचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याची गोष्ट मला जास्त जवळची. 'स्टेअरवे टू हेवन' १९७१ चं, शब्द लिहिले तेव्हा तोही बाविशीतलाच. नंतर त्याला त्या शब्दांशी आपलं नातं लागेना. २००२ मध्ये गाडीतून जाताना पोर्टलंडचं केबू हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं रेडिओ केंद्र ऐकत होता. देणगी द्या, आम्ही 'स्टेअरवे' कधीच लावणार नाही, असं निवेदक म्हणाला. प्लांटने देणगी दिली! स्वतःचं गाणं न ऐकण्यासाठी स्वतःच्या खिशातून. मी हे बँडच्या ग्रुपवर टाकलं तर ड्रमरने लिहिलं, "तुझी देणगी माझ्या गृहकर्जाच्या खात्यात टाक." पुढे २००७ मध्ये लंडनला झेपलिन एकत्र आले तेव्हा प्लांटने ते गायलंच, आणि २०२३ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात पुन्हा, पंच्याहत्तरीत. त्याला तेव्हा काय वाटलं असेल हे मला त्याच्याशेजारी बसून विचारायचंय.

ड्रमर थट्टेत बोलला, पण बोलला ते खरं. सुपारी येते ती त्या गाण्यावर. मंडळाच्या कागदावर तारीख, वेळ, जनरेटर कुणाचा, जेवण किती माणसांचं, आणि खाली वेगळ्या शाईत : "ते गाणे शेवटी घेणे." चार घरं त्यावर चालतात. असं असताना तत्त्वाच्या गोष्टी करायला मला जरा लाजच वाटते.

मध्यंतरी मी एक युक्ती केली होती. रेडिओहेडने २००९ मध्ये रेडिंगच्या महोत्सवात 'क्रीप' सुरुवातीलाच वाजवून टाकलं, तसं आपणही पहिलंच घ्यावं आणि मोकळं व्हावं. पण रेडिंगला आरती नसते. आम्ही ऐन जोरात सुरू केलं तेव्हा निम्मा गाव देवळात "घालीन लोटांगण"पर्यंतसुद्धा पोचला नव्हता. आरती आटपून माणसं आली ती हे गाणं ऐकायला, आणि झालं म्हटल्यावर अध्यक्ष थेट स्टेजवर. शेवटी पुन्हा गायलो. एकदा टाळायला गेलो आणि दोनदा गळ्यात पडलं. तशी ही आपल्याकडची जुनीच रीत. संगीत नाटकांत कथा जागच्या जागी थांबवून "वन्स मोअर"ला तेच पद पुन्हा व्हायचं, पहाट उजाडायची, आणि नट कुरकुरल्याचं कुणी फारसं सांगत नाही. त्यांचं पद दुसऱ्याने लिहिलेलं असायचं, पात्राच्या तोंडचं. माझं तसं नाही. मी 'मी' म्हणून गातो आणि तो मी आता कुठे राहतो कुणास ठाऊक.

आमच्या इथला एक दशावतारी नट ओळखीचा आहे. "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा" म्हणतात त्यातलाच; दिवसा बागांत मजुरी, जत्रांच्या हंगामात रात्री मुकुट. त्याला विचारलं, तोच राजा, तीच कथा, कसं करतोस? तो म्हणाला, कथा तीच, पण बोलायचं काय ते कुठे लिहिलेलं आहे? समोरचा नट काय टाकतो त्यावर माझं उत्तर. हे मला पटलं आणि अडलोही तिथेच. दशावतारात संवाद ऐन वेळी सुचतात. माझ्या गाण्यात एक अक्षर हललं तरी मैदान मला दुरुस्त करतं. मागे एकदा मी मुद्दाम ध्रुवपदातला 'नाही' गिळला. हजार माणसांनी तो माझ्यासाठी म्हटला आणि मी विसरलो समजून टाळ्या दिल्या.

राहता राहिले बाबा. ज्यांच्यावर गाणं केलं ते. इतक्या वर्षांत त्यांनी त्यावर अक्षर काढलं नव्हतं. शब्द त्यांना ठाऊक होते, हे मला ठाऊक होतं. गेल्या श्रावणात भजनाला गेलो तर मंडळींनी गजर लावला आणि दुसऱ्याच ओळीला माझे कान टवकारले. चाल आमची! शब्द विठ्ठलाचे, मृदंग, चकवा, टाळ, आणि पेटीवर बाबा, नजर पेटीच्या पट्ट्यांवर. डबलबारीवाले, म्हणजे भजनाचे सामने करणारे बुवा सिनेमांच्या चाली घेतातच, त्यात नवल नाही. पण ही चाल माझ्या बापाने घेतली होती. ध्रुवपद जिथे मी रागाने फेकून देतो तिथे, त्या वरच्या सुरावर, बाबा पेटीचा भाता सावकाश भरून थांबले. दोन मात्रा, फार तर तीन. मी तिथे कधी थांबलो नव्हतो. थांबायची जागा आहे हेच मला कळलं नव्हतं, कारण बावीस वर्षांच्या पोराला तिथून पळायचं होतं.

घरी येताना म्हटलं, बाबा, चाल विचारून घ्यायची असते. बॅटरी पायाखाली धरून चालता चालता म्हणाले, "माझ्यार केलंस तेवा माका इचारलंस?"

यंदा गणपतीत मी तो थांबा घेऊन बघितला. काही गावांत जमला. काही ठिकाणी लोक पुढे निघून गेले आणि मी मागे राहिलो. गिटारवाल्याला तो आवडलेला नाही, त्याच्या मते गाण्याची हवा जाते. मला आवडलाय. गाणं आवडतं की नाही, यावर अजून काही सांगता येत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नको वाटतं, पहिली कॉर्ड वाजली की मैदानातून जो आवाज उठतो त्याने अंगावर काटा येतो, दुसऱ्या कडव्यात पुन्हा नको वाटतं.

संध्याकाळी वेंगुर्ल्याहून फोन होता. जत्रेची सुपारी, तुळशीच्या लग्नानंतरची. "ता गाणा दोनदा घेवा," म्हणाले. मी म्हटलं एकदाच, आणि त्याआधी तीन नवीन ऐकावी लागतील. "नवीन कित्याक?" असा अगदी निरागस प्रश्न आला. बराच वेळ घासाघीस केली. दोन नवीन, ते गाणं एकदाच, आणि जनरेटर त्यांचा. बयाना उद्या पाठवतो म्हणालेत.