सायनस भरल्यावर मी करते ते उपाय आणि त्यांचा क्रम

गालाची हाडं ठणकतात, खाली वाकलं की कपाळ जड होतं, शेंबूड घशात उतरत राहतो. अशा वेळी मी आधी वाफ घेते. वाफेने आजार जात नाही, पण नाक थोडा वेळ मोकळं होतं आणि जलनेतीला, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला, तेवढंच हवं असतं. पातेलं टेबलावर ठेवायचं, मांडीवर किंवा गादीवर नाही. भाजण्याचे प्रकार तिथेच होतात. पाण्यात बाम नको, डोळे चुरचुरतात. पाच मिनिटं पुरे.

खरा आराम जलनेतीने पडतो. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. फिल्टरचं पाणीही मी उकळूनच घेते. न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण ते जिवावर बेततं. या कोमट पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा पाऊण चमचा सपाट. एकदा काट्यावर तोलून आपल्या चमच्याचा अंदाज पक्का करावा. मीठ कमी पडलं की नाकात झिणझिण्या येतात, पोहताना पाणी नाकात गेल्यासारख्या. जास्त झालं तर आग होते. बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करायची, वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची तोटी लावायची आणि श्वास तोंडाने घ्यायचा. पाणी घशात उतरलं तर समजावं, मान मागे गेली आहे. नाक पूर्ण चोंदलेलं असताना जोर करू नये.

नंतरची पाच मिनिटं बरेच जण टाळतात. पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकर मारत पाणी काढायचं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं आणि कान दुखायला लागतो.

कपाळाला सुंठ सहाणेवर उगाळून पातळ लेप देते, दहा मिनिटंच. जाड लेप तासभर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. रात्री ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी हुंगते.

अणुतेल या आयुर्वेदिक तेलाचं नस्य, म्हणजे नाकात थेंब सोडणं, मात्र ताज्या सर्दीत नाही, जेवणावर नाही. सर्दी ओसरल्यावर, वैद्यांना विचारून, दोन-दोन थेंब. सर्दी-खोकल्यावरचं आयुर्वेदिक सितोपलादि चूर्ण मधातून घेतात, पण त्याच्या ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते. मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पिवळा शेंबूड दिसला म्हणून लगेच अँटिबायोटिक लागतंच असं नाही. दहा दिवसांत उतार पडला नाही, बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर मात्र डॉक्टर गाठायचा. डोळ्याभोवती सूज आली, एकाचं दोन दिसू लागलं किंवा मान आखडली तर त्याच दिवशी. आणि एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर वरच्या दाढा दंतवैद्याला दाखवाव्यात. दाढेच्या मुळातला पू सायनसमध्ये शिरू शकतो, तो नेतीने निघत नाही.