आईची सत्तरी आणि तोरणमाळची कोजागिरी

शाळेच्या दाखल्यावर आईची जन्मतारीख १ जून. तिच्या वयाच्या निम्म्या गावाची तीच आहे. खरा जन्म कोजागिरीच्या रात्रीचा, एवढं आजीनं सांगून ठेवलेलं. यंदा तिला सत्तर पूर्ण झाली. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या वावरातून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. निंदणी-वेचणी करताना आईनं ती जन्मभर पाहिली, पण तिथं कधी गेली नाही. म्हणून या कोजागिरीला सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, तोरणमाळ.

गाडी धाकट्या भावाची. जुनी ट्रॅव्हलर घेऊन त्यानं तिचा कॅम्पर केलाय: दोन पलंग, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, मागे छोटा कमोड. आईच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही, त्यामुळे कमोडनंच निम्मा प्रवास सोपा केला. घरात म्हातारं माणूस असेल तर बाकी सजावट राहू द्या, ही सोय आधी करा. असे बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या.

दोंडाईचाहून सारंगखेड्याला तापी ओलांडली. आईनं सवयीनं पुलावरून हात जोडले. पुढे शहादा. तिथून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर. डिझेल, रोख पैसे, औषधं, पिण्याचं पाणी, सगळं शहाद्यातच घ्या; वर मिळेल या भरवशावर जाऊ नका. म्हसावद, राणीपूर मागे पडलं की चढ लागतो.

सात पायरी घाटाबद्दल मात्र सविस्तर सांगतो. वळणं अशी की खालचा रस्ता पायरीसारखा एकाखाली एक दिसतो. आमची गाडी जड, टाकीत ६० लिटर पाणी. दुसऱ्या वळणानंतर क्लचचा वास यायला लागला. रुंद जागा बघून थांबलो, वीस मिनिटं गाडी थंड होऊ दिली, अर्धी टाकी रिकामी केली आणि पहिल्या गिअरवर सावकाश चढलो. तुम्ही टाकी अर्धीच भरून निघा. वळणावर हॉर्न द्या, वर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. उतरताना गिअर खालचाच ठेवा, सारखा ब्रेक दाबून तो तापवू नका. घाट काही झालं तरी दिवसा उजेडी चढा. घाटात गॅसच्या टाकीचा वरचा कॉक बंदच हवा.

वर साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची. खाली ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं, वर दुपारीच आईनं शाल मागितली. रस्त्याकडेला पावरा आदिवासी बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. घासाघीस करू नका. ती फळं रानातून डोक्यावर आलेली असतात. खडकी पॉइंट, सीताखाई गाडीनं जवळ करता येतात. सीताखाईचा धबधबा पाऊस सरल्यावरही वाहत होता. आई कठड्याशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “वावरमाईन निळा दिखस, आठे ते हिरवागार शे.” (वावरातून निळा दिसतो, इथं तर हिरवागार आहे.)

गाडी कुठेही लावून झोपू नका. जंगलाचा भाग आहे, वस्ती लोकांची आहे. आम्ही एका जेवणाच्या ठिकाणी विचारून त्यांच्या आवारात लावली, पैसे दिले, कचरा परत आणला.

संध्याकाळी घोटाळा झाला. धुळ्याहून आणलेलं चार लिटर दूध उन्हात फाटलं. कोजागिरी आणि दूध नाही! भाऊ पाड्यावर गेला आणि दोन लिटर ताजं घेऊन आला. त्या घरच्यांनी पैसे घ्यायला नकोच म्हटलं, मग आम्ही पोरांसाठी बट्टीचा, म्हणजे कणकेच्या खमंग गोळ्यांचा डबा देऊन आलो. दूध न्यायचंच तर घरून उकळून, बर्फाच्या डब्यात न्या.

वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी आईनं आदल्या रात्रीच केली होती, नको म्हणत असतानाही. बट्टी दोन दिवस टिकते, प्रवासाला यासारखं अन्न नाही. शेगडी गाडीत पेटवायची असेल तर दार-खिडक्या उघड्या ठेवा, आणि झोपताना ऊब यावी म्हणून ती कधीही चालू ठेवू नका. जीव जातो. रात्रीसाठी माणशी दोन जाड पांघरुणं न्या.

यशवंत तलावाच्या काठी चंद्र वर आला. कोजागिरीला आई थोरल्या लेकराला ओवाळते, म्हणून आधी तिनं मला ओवाळलं. मग आम्ही तिला. कणकेचे सात दिवे, दर दहा वर्षांचा एक. वारा दिवे टिकू देईना, तेव्हा नातीनं ताटाभोवती ओढणी धरली.

सकाळी उतरताना आईनं घाटात गाडी थांबवायला लावली. खाली सगळं सपाट, धुरकट. तापी कुठली, गाव कुठलं, काही कळेना. मी नुसती दिशा दाखवली. ती तिकडे बघत राहिली आणि पाठीमागून हॉर्न वाजेपर्यंत गाडीत बसली नाही.