नारिंगी इशारा आणि वीकचं फाटक

आइसलँडला हिवाळ्यात जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नॉर्दर्न लाइट्स दिसले का?" दिसले. एकाच रात्री, थोडाच वेळ, पण डोळ्यांचं पारणं फिटलं. थिंगवेत्लिर, गेय्सिर, गुल्फॉस ही सगळ्यांची ठरलेली फेरीही झाली. त्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचंय ते दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावाबद्दल, आणि वादळात रस्ता बंद करायला तिथे आडव्या टाकलेल्या फाटकाबद्दल.

आम्ही तिघं होतो. मी, माझी ताई आणि ताईचा मुलगा, जो ॲमस्टरडॅमला नोकरी करतो. गाडी तोच चालवत होता. फेब्रुवारीचा महिना. रेक्याविकहून निघून दक्षिण किनाऱ्याने क्लाउस्तुरला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी योकुलसारलोनचा हिमनगांचा तलाव पाहायचा, असा बेत. क्लाउस्तुरचं पूर्ण नाव एवढं लांबलचक आहे की तिथले लोकसुद्धा एवढंच म्हणतात.

गाडी घेतली त्या कंपनीबद्दल माझी तक्रार आहे. काउंटरवरच्या माणसाने आम्हाला वाळूचा विमा, काचेचा विमा, टायरचा विमा असं सगळं नीट समजावून विकलं. वाऱ्याने दार उलटं वळून मोडलं तर तो खर्च सहसा विम्यात बसत नाही, हेही बजावलं. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपासून संपूर्ण दक्षिण किनाऱ्याला पिवळा इशारा लागलाय, हे काही सांगितलं नाही. रस्त्यांची स्थिती कुठे बघायची, फाटक म्हणजे काय, तेही नाही. समोर आशियातून आलेली, बर्फात कधी गाडी न चालवलेली माणसं रांगेने उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एक चावी पडत होती. मला याचा अजूनही राग येतो.

भाच्याने आधीच चौकशी केली होती म्हणून बरं. तिथलं हवामान खातं आपल्या खात्यासारखंच पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. ही रंगांची पद्धत तिथे 2017 च्या अखेरीस सुरू झाली आणि पहिला लाल इशारा लागला तो डिसेंबर 2019 मध्ये, वायव्येकडच्या भागाला. त्या वादळात उत्तरेकडे विजेचे खांब बर्फाच्या ओझ्याने मोडले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली, आणि उघड्यावर चरणारे शंभरेक घोडे बर्फात गाडले जाऊन मेले. लाल रंग तिथे उगाच लागत नाही. रस्त्यांचा नकाशा वेगळा असतो, रस्ते खात्याचा. त्यावर कुठला तुकडा निसरडा, कुठला बंद, कुठे वारा किती, सगळं दिसतं. आम्ही दर थांब्यावर दोन्ही उघडून बघत होतो.

वाऱ्याचा वेग तिथे सेकंदाला किती मीटर असा सांगतात. त्या आकड्याला 3.6 ने गुणलं की आपला ताशी किलोमीटर. रस्त्याच्या कडेला विजेचे फलक असतात, त्यावर तापमान, वारा आणि मधूनच येणाऱ्या झोताचा वेग झळकत असतो. सेल्यालांडफॉसचा धबधबा ओलांडून एयाफ्यात्लायोकुत्लच्या पायथ्याशी आलो (2010 साली ज्याने युरोपची विमानं जमिनीवर बसवली तोच हा ज्वालामुखी) तेव्हा फलकावर झोताचा आकडा 31 होता. म्हणजे ताशी जवळजवळ एकशे बारा किलोमीटर. डोंगरावरून वारा खाली कोसळतो आणि नेमका रस्त्यावर येऊन आपटतो, त्यामुळे हा टापू तिथे बदनामच आहे. स्टिअरिंग धरलेल्या भाच्याच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली मी पाहिली. ताईने रामरक्षा सुरू केली.

स्कोगाफॉस धबधब्याला पोचेपर्यंत पिवळ्याचा नारिंगी झाला होता आणि वादळ दोन तास अलीकडे सरकलं होतं. तिथे हे असंच चालतं. ग्रीनलँडकडची गार हवा आणि अटलांटिकवरची उबदार, दमट हवा या बेटाच्या आसपासच भिडतात, आणि कमी दाबाचा पट्टा बघता बघता खोल होतो. सकाळचा अंदाज दुपारी जुना झालेला असतो. आम्ही तसेच पुढे निघालो, कारण मागचा टापू पुढच्यापेक्षा वाईट होता. रेनिसफ्यात्लचा घाट चढून उतरलो आणि वीक लागलं.

वीकच्या पूर्वेला, गाव संपतं तिथे, फाटक बंद. पलीकडे मिरदालससांदुर. काळ्या वाळूचं हे सपाट माळरान कात्ला ज्वालामुखीने वरचा बर्फ वितळवून आणलेल्या महापुरांनी पसरलंय. वाऱ्याला अडवायला तिथे काही नाही. त्या दिवशी बर्फ वरून फारसा पडतच नव्हता. पडलेला बर्फ जमिनीवरून उचलला जात होता, आणि त्यात वाळूही होती. काचेवर कुणी मूठमूठ मोहरी फेकावी तसा आवाज. रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या खुंट्यांपैकी पहिली दिसत होती, दुसरी मधूनच, आणि तिच्यापुढे काहीही नाही. रस्ताच नव्हता.

फाटकापाशी लाल-निळा डगला घातलेली एक मुलगी उभी होती. पंचविशीची असेल. शेजारी मोठ्या चाकांची जीप, दिवे लावून. ती एकेका गाडीच्या काचेशी जाऊन, वाकून, बोलत होती. वाऱ्यात ताठ उभं राहणं शक्यच नव्हतं. एका हाताने ती गाडीचा आरसा धरायची, मग बोलायची. प्रत्येकाला तेच सांगायचं होतं. रस्ता बंद आहे, आज उघडणार नाही, आता पश्चिमेचाही बंद होतोय, गावात सभागृह उघडलंय, तिकडे जा.

आमच्या पुढच्या गाडीतला गृहस्थ खाली उतरून तिच्याशी तावातावाने भांडायला लागला. त्याची गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, हॉटेलचे पैसे भरलेत, ते परत मिळणार नाहीत, उद्या त्याची हिमनदीवरची सफर आहे. ती ऐकून घेत होती. तिचा आवाज चढला नाही आणि फाटकही हललं नाही. पाचेक मिनिटं हे चाललं असेल. मागे गाड्यांची रांग आणि वाऱ्यात ही पोर उभी. मला काच खाली करून त्या माणसाला चार शब्द सुनवावेसे वाटत होते. शेवटी तो मुकाट्याने वळला.

आमच्यापाशी आली तेव्हा तिने आधी मागे बसलेल्या ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना चालता येतं ना? सभागृहाच्या दाराशी निसरडं आहे." ताईच्या गुडघ्यांचं तिला काय माहीत! पण तिच्या ते लक्षात आलं. तिने वायरलेसवरून काहीतरी सांगितलं आणि आम्ही पोचलो तेव्हा दोन माणसं दारात उभी होती. ताईला दोन्ही दंडांना धरून त्यांनी आत नेलं.

आत शंभराहून जास्त माणसं असतील. रेडक्रॉसच्या गाद्या, घोंगड्या, चहा-कॉफी. वीकची वस्ती हजाराच्या आत, आणि त्या संध्याकाळी गावाने एवढे पाहुणे सांभाळले. मेंढीच्या मटणाचं, बटाटे-गाजरं घातलेलं रस्सेदार सूप मोठ्या पातेल्यांतून येत होतं. ताई शाकाहारी आहे हे कळल्यावर एक बाई आपल्या घरी गेली आणि उकडलेले बटाटे, ब्रेड आणि स्कीर (तिथला दाट दह्यासारखा पदार्थ) घेऊन आली. वादळात! तारांकित हॉटेलांतलं आदरातिथ्य मी पाहिलंय, या बाईच्या डब्यापुढे त्याचं मला काही वाटत नाही.

रात्री दोनच्या सुमाराला दार उघडलं आणि थंडीचा लोट आत आला. जीपवाल्यांनी एका कुटुंबाला आणलं होतं. आई-वडील आणि तीनेक वर्षांचं मूल. त्यांनी फाटकाला वळसा घालून, बाजूच्या मातीतून गाडी काढली होती आणि ती माळरानावर रस्ता सोडून रुतली होती. एक मागची काच फुटलेली. बापाने घाबरून 112 ला फोन केला तेव्हा कुठे कळलं. मूल रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं. त्यांच्यामागून ती फाटकावरची मुलगी आत आली. भुवयांवर बर्फ, एक गाल वाळूने खरचटून लाल. तिने भिंतीला टेकून उभ्यानेच सूप प्यायलं.

ताईला झोप नव्हतीच. तिने मला पुढे घातलं आणि आम्ही त्या मुलीशी बोललो. ती दिवसा बालवाडीत शिकवते. तिचा जीपवरचा जोडीदार गाईंचा गोठा सांभाळतो, पहाटे त्याला दूध काढायला जायचं होतं. पगार? नाही. भत्ता? तोही नाही. दोघं लांड्सब्योर्ग या बचाव संघटनेच्या स्थानिक पथकात स्वयंसेवक. आइसलँडला लष्कर नाही, लोकसंख्या चार लाखांच्या आत, आणि बर्फात, डोंगरात, समुद्रकाठी अडकलेल्यांना काढण्याचं बरंचसं काम देशभरातली अशी पथकं करतात. त्यांच्या खर्चाचा मोठा भाग येतो फटाके विकून. नववर्षाच्या आधी पथकं स्टॉल लावतात आणि लोक मुद्दाम त्यांच्याकडूनच घेतात.

मी विचारलं, फाटकाला वळसा घालून गेलेल्यांचा राग नाही येत? तिने खांदे उडवले आणि 1995 चं सांगितलं. त्या जानेवारीत सुदाविक गावावर हिमकडा कोसळून 14 माणसं गेली, ऑक्टोबरमध्ये फ्लातेयरीवर कोसळून 20. दोन्ही वायव्येकडच्या वेस्टफ्योर्ड्स भागातली छोटी गावं. सुदाविकला रस्ता बंद असल्यामुळे मदतीची माणसं तुफानी समुद्रातून बोटीने पोचली. तिचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण तिचे वडील पथकात होते, म्हणून तीही पथकात आहे. रागाचं उत्तर तिने दिलंच नाही.

मला मात्र राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. फाटकाला वळसा घालणारा माणूस फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही. त्याच्यामागे बालवाडीच्या बाईंना आणि गोठ्यातल्या माणसाला अंधारात जावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात हेच बघते. रेड अलर्ट असताना, बंदी असताना, धबधब्यावर जायचंच. मग लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव संस्थेच्या पोरांना रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरायचं. तीही नोकरीधंदा सांभाळून येणारी, घरची कामं टाकून येणारी माणसं. त्यांच्या पेटीत आपण काय टाकतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ हटवणारी गाडी पुढे गेली आणि मग फाटक उघडलं, पण पूर्वेकडे पुन्हा वादळाचा अंदाज होता म्हणून आम्ही पश्चिमेला वळलो. हिमनगांचा तलाव राहिला. भाच्याने क्लाउस्तुरच्या हॉटेलला आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. रस्ता बंद असताना निघू नका, पैसे आम्ही घेत नाही. पैसे चार दिवसांत खात्यात जमा झाले. तेव्हा हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनो, दक्षिण किनाऱ्यावर एक दिवस मोकळा ठेवा, आणि गाडीच्या काउंटरवर कुणी सांगो न सांगो, रस्ते खात्याचा नकाशा स्वतः उघडून बघा. लांड्सब्योर्गच्या संकेतस्थळावर देणगी ऑनलाइन देता येते, ताईने विमानतळावरूनच दिली.