पूजेला जोडीने, तपासणीला एकटी

मूल राहावं म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीच्या पूजेला जोडपं बसतं. नवरा पांढरं धोतर नेसून तीन दिवस जागचा हलत नाही. तेच जोडपं नाशिकला गंगापूर रोडच्या एखाद्या दवाखान्यात येतं तेव्हा मात्र आत शिरतात सासू आणि सून. फायलीत सुनेच्या सहा सोनोग्राफ्या, थायरॉईडचे रिपोर्ट, कधी तर दुर्बिणीचं ऑपरेशनही झालेलं. नवऱ्याच्या नावाचा एक कागद नाही. त्याची तपासणी काहीशे रुपयांत होते, सुई टोचावी लागत नाही, आणि मूल न राहणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला सापडतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधीचं वीर्यपतन आणि वीर्याचा नमुना यांत किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवसांचं अंतर हवं. महिनाभर थांबून 'साठवलं' तर आकडा फुगतो, पण हालचाल मंदावते. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. घरून आणायचा तर तासाभराच्या आत पोहोचला पाहिजे. सिन्नरहून जमेल, सुरगाण्याहून नाही. डबी शर्टाच्या आत अंगाला लावून आणायची. निफाडच्या थंडीत गाडीच्या डिकीत ठेवलेल्या नमुन्यातले शुक्राणू पोहोचेपर्यंत गारठलेले असतात. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नये, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. सुरुवातीचा थोडा भाग सांडला तर लाजू नका, लॅबवाल्याला सांगा. बहुतेक शुक्राणू त्याच भागात असतात, तो गेला की रिपोर्ट उगीच वाईट येतो.

रिपोर्टमध्ये पाहायचं ते असं: प्रमाण 1.4 मिली, दर मिलीत 1.6 कोटी शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या या खालच्या मर्यादा आहेत. 'फक्त 4 टक्के नॉर्मल' वाचून घाबरणारे पुष्कळ. 4 टक्के म्हणजे ठीक. आणि एका वाईट रिपोर्टवर कोणालाही शिक्का मारू नये. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूचा सणसणीत ताप येऊन गेला असेल तर तो आजच्या रिपोर्टात दिसतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

शुक्राणू अजिबातच नसतील तर प्रश्न दोन: तयार होत नाहीत, की वाट बंद आहे? अंडकोषांचा आकार आणि रक्तातलं एफएसएच (अंडकोषांना कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) यावरून बराच अंदाज येतो. एफएसएच चढलेलं आणि अंडकोष लहान असतील तर कारखानाच मंद आहे. वयात आल्यावर झालेला गालगुंड, लहानपणी खाली न उतरलेला अंडकोष ही त्यामागची जुनी कारणं. नवं कारण जिममध्ये मिळतं: दंड फुगवायला घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू अंडकोषांना हुकूम देणंच थांबवतो. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण काही महिने जातात, कधी वर्षही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांचा उष्णतेशी संबंध विचारायलाच हवा. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, हाताला लागत असेल आणि रिपोर्टही बिघडलेला असेल तरच ऑपरेशनचा विचार. नुसत्या सोनोग्राफीत दिसली म्हणून नाही.

द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दल इथे नेहमी विचारलं जातं. डीबीसीपी हे सूत्रकृमी मारणारं औषध बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या अनेक कामगारांचे शुक्राणू संपल्याचं किंवा घटल्याचं 1977मध्ये उघड झालं, त्यामुळे शंका निराधार नाही. आजच्या प्रत्येक औषधावर तसा ठपका ठेवता येत नाही. पण गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, आठवड्यातून कित्येकदा फवारा मारणाऱ्याने हातमोजे, मास्क वापरणं आणि कपडे वेगळे धुणं यात तोटा काय?

आता बायकोकडे. पाळी दर 26 ते 32 दिवसांनी ठरल्यासारखी येत असेल तर बीज बहुधा फुटतंय. चाळीस-पन्नास दिवसांनी येत असेल तर पीसीओडी (बीज वेळेवर न फुटण्याचा अंडाशयाचा विकार), थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) या क्रमाने शोधावं. इथे एक चूक सर्रास होते. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन, डोळे मिटून पाळीच्या 21व्या दिवशी तपासतात. बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी फुटतं आणि तपासणी फुटल्यानंतर आठवड्याने करायची असते. 35 दिवसांची पाळी असणारीची तपासणी म्हणून 28व्या दिवशी. 21व्या दिवशी तिचं बीज जेमतेम फुटत असतं आणि रिपोर्ट 'फेल'.

हाच हिशेब शनिवारी मुंबईहून येणाऱ्या नवऱ्यांनाही लागू आहे. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज फार तर एक दिवस. बीज फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढीच खिडकी. ती मंगळवार-बुधवारी उघडून मिटली तर दोष कोणाच्याच शरीरात नाही. संबंधच नीट होत नाहीत, हे कारणही फायलीत क्वचितच लिहिलेलं असतं. दुखतं म्हणून वर्षभर टाळलेलं असतं आणि विचारलेलं कोणी नसतं.

गर्भनळ्यांची एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला एक्स-रे, पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, साधारण 7व्या ते 10व्या दिवसात करतात. गर्भाशयालगतच नळी बंद दिसली तर लगेच टेस्ट ट्यूब बेबीकडे (आयव्हीएफ) धावू नये, आकुंचनानेही ती बंद भासते. टोकाला बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी वेगळी: ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफसुद्धा बिघडवतं, म्हणून आधी ती काढतात किंवा बांधतात. आपल्याकडे या नळ्यांमागे बऱ्याचदा क्षय असतो. खोकला नाही, ताप नाही, फक्त पाळी कमी होत गेलेली. गर्भाशयाच्या अस्तराच्या तुकड्यावर नुसता पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणजे क्षय सिद्ध होत नाही, इतर पुरावा जुळवावा लागतो. आणि औषधांनी जंतू मरतात, चिकटलेली नळी मात्र बहुधा उघडत नाही.

एएमएचची, म्हणजे अंडाशयातल्या शिल्लक बीजांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीची, भीती मात्र जरा अतीच पसरली आहे. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना किती बीजं येतील याचा अंदाज त्यातून येतो. पाळी नियमित असेल तर आपोआप दिवस राहतील की नाही हे तो आकडा सांगत नाही. वय मात्र सांगतं. म्हणून 35च्या आत वर्षभर वाट पाहावी, 35नंतर सहा महिने. पाळीच अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं कारण नाही.

नागबळी करायचीच असेल तर जरूर करा. तिथे तीन दिवसांचं अंतर तसंही पाळलेलं असतं, नमुन्यासाठी लागतं तेवढंच. चौथ्या दिवशी त्र्यंबकहून परतताना नवऱ्याने लॅबमध्ये डबी देऊनच घरी जावं.