सॉक्रेटिसच्या खटल्यामागे, अथेन्समध्ये

फिलोपाप्पोस टेकडीच्या झाडीत कातळात कोरलेल्या खोल्या आहेत. तोंडाशी लोखंडी गज आणि शेजारी पाटी : ‘सॉक्रेटिसचा तुरुंग’. ॲक्रोपोलिस बघून आलेली मंडळी तिथे गजांना धरून फोटो काढतात. मीही काढला. पण सॉक्रेटिस इथे कैदेत होता याला काहीही आधार नाही. नाव लोकांनी कधीतरी चिकटवलं आणि ते चिकटूनच राहिलं. या खोल्यांचा खरा इतिहास अलीकडचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपासून वाचवण्यासाठी प्राचीन वस्तू इथे दडवल्या आणि पुढे काँक्रीटची भिंत घालून तोंड बुजवून टाकलं. मला तर हीच गोष्ट जास्त आवडली, पण ती सांगायला गजांपाशी कोणी उभं नव्हतं.

खटल्याचा माग काढायचा तर खाली अगोरात उतरायला हवं. अगोरा म्हणजे जुन्या अथेन्सचा बाजार, कचेरी आणि चावडी, सगळं एकाच मैदानात. त्याच्या उत्तर कडेवरून आज मेट्रोची जुनी लाइन जाते. रुळांच्या पलीकडे, आद्रिआनू रस्त्यावरच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की खड्ड्यात एका छोट्या इमारतीचा पाया दिसतो. हा ‘राजस्तोआ’; स्तोआ म्हणजे खांबांची लांब ओसरी. धर्मविषयक खटले ज्याच्याकडे यायचे त्या अधिकाऱ्याची ही कचेरी. इ.स.पू. ३९९ मध्ये मेलेतोसने केलेल्या फिर्यादीवर सॉक्रेटिसला हजेरी द्यावी लागली ती इथेच. नगराचे देव मानत नाही, नवी दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप होते. मेलेतोसच्या जोडीला अनितोस आणि लिकोन. सरकारी वकील हा प्रकारच नव्हता. फिर्याद करायची ती नागरिकाने.

अत्तालोसच्या स्तोआतल्या संग्रहालयात मात्र मी बराच वेळ रेंगाळले. एका कपाटात न्यायालयातलं मातीचं पाणघड्याळ आहे. आपल्याकडचं लग्नातलं घटिकापात्र पाण्यात बुडतं. इथे उलट, भांड्याच्या तळाशी नळी, पाणी संपलं की वक्त्याचं भाषण संपलं. सुमारे सहा मिनिटं! भांड्यावर ‘अँतिओखिस’ या गणाचं, म्हणजे अथेन्सच्या नागरिकांच्या एका गटाचं, नाव लिहिलंय. सॉक्रेटिस याच गणाचा. भांडंही साधारण त्याच्याच काळातलं. त्याच्या खटल्यात हेच होतं असा दावा कोणी करत नाही, पण मला तेवढंही पुरेसं होतं.

त्याला अर्थात सहा मिनिटांहून जास्त वेळ मिळाला, तरी सगळं एका दिवसात उरकलं. चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे ५०० पंच, आपसात चर्चा नाही, थेट मतदान. त्याचा शिष्य प्लेटो याच्या वृत्तांतात सॉक्रेटिस म्हणतो की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. मग शिक्षा ठरवायची वेळ आली. फिर्यादींनी मृत्युदंड मागितला; आरोपीने पर्याय सुचवायचा असे. हद्दपारी मागितली असती तर ती बहुधा मिळालीही असती. हा गडी म्हणाला, मला ऑलिंपिक विजेत्यांसारखं सरकारी खर्चाने जेवायला घाला! शेवटी मित्रांच्या हमीवर ३० मिना (तेव्हाचं चलन) दंड देऊ केला, पण तोवर पंच भडकले असणार. मृत्युदंडाला आधीपेक्षा ८० मतं जास्त पडली, असं नंतरचा चरित्रकार दिओगेनिस लिहितो.

मला ही नुसती अंधश्रद्धाळू जमावाची गोष्ट वाटत नाही. जेमतेम चार-पाच वर्षांपूर्वी लोकशाही मोडून सत्तेवर आलेल्या ‘तीस जुलमीं’नी शहरात शेकडो माणसं मारली होती, आणि त्यांचा म्होरक्या क्रितियास एकेकाळी सॉक्रेटिसच्या गोतावळ्यातला. लोकशाही परतली तेव्हा जुने हिशेब उकरायचे नाहीत अशी शपथ झाली होती. राजकीय आरोप ठेवता येईना, देवाधर्माचा ठेवता आला.

अगोराच्या नैर्ऋत्येला, बहुतेक पर्यटक वळतच नाहीत अशा बाजूला, दगडी पायांची एक लांबट चौकट आहे. मधे बोळ, दोन्हीकडे खोल्या, एका खोलीत न्हाणीची सोय. खरा सरकारी तुरुंग हाच असावा असं बऱ्याच पुरातत्त्वज्ञांना वाटतं. इथे औषधाच्या १३ इवल्याशा कुप्या सापडल्या आणि सॉक्रेटिसची एक छोटी मूर्तीही. विष घेण्याआधी त्याने आंघोळ केली होती, बायकांना प्रेत धुण्याचा त्रास नको म्हणून. देलोस बेटाला गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत कुणाला मारायचं नाही असा नियम असल्याने त्याला महिनाभर मिळाला. क्रितोन या मित्राने पळून जायची सगळी व्यवस्था केली होती. हा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर अस्क्लेपिओसच्या मंदिराचे अवशेष पाहिले. ‘क्रितोन, अस्क्लेपिओसला एक कोंबडा द्यायचा राहिलाय’, हे सॉक्रेटिसचं शेवटचं बोलणं. हा आरोग्याचा देव मूळचा अथेन्सचा नव्हे. इ.स.पू. ४२० च्या सुमाराला, म्हणजे खटल्याच्या वीसेक वर्षं आधी, तो एपिदाव्रोस या दुसऱ्या ग्रीक नगरातून इथे आणला गेला. नवं दैवत आणल्याचा गुन्हा तेव्हा कुणावर दाखल झाला नव्हता.