मोटार रिवायंडिंग ते स्लाईड गिटारचे पिकअप: आमची वाटचाल

परभणीत आमच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. रब्बीच्या पाण्याला जोर आला की व्होल्टेज पडायचं, विहिरींवरच्या मोटारी जळायच्या आणि दुकानासमोर रांग लागायची. जळकी कॉइल काढायची, स्लॉट साफ करायचे, पेपर घालायचा, तार भरायची, वार्निश मारून वाळवायचं. आम्ही दोघं भाऊ हेच बघत मोठे झालो. पाऊस लागला की मोटारींचं काम ओसरायचं. लग्नसराईही तोवर संपलेली असायची, त्यामुळे बँजो पार्टीवाले नेमके तेव्हाच वाद्यं घेऊन दुरुस्तीला यायचे.

वरातीत, कव्वालीत, भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे जो बँजो वाजतो, तो म्हणजे बुलबुल तरंग. त्याच्या पोलादी तारांजवळ पिकअप बसवलेला असतो: चुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. "मिस्त्री, आवाज बसलाय बघा," एवढंच ते लोक सांगायचे. वडील मीटर लावायचे आणि कॉइल तुटलेली निघाली की नवी भरून द्यायचे. तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते, हे आम्ही शाळेच्या पुस्तकाआधी त्या टेबलावर शिकलो.

गिटारकडे आम्हाला वळवलं ते ऑर्केस्ट्रातल्या एका काकांनी. ते हवाईन गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायचे, गिटारवर चित्रपटगीतं वाजवणाऱ्या व्हॅन शिप्ली यांच्या रेकॉर्डी ऐकून शिकलेले. नवा पिकअप बसवल्यापासून त्यांची गिटार मोठ्याने वाजत होती, पण गात नव्हती. "जोर नको रे बाबा, मींड ऐकू आली पाहिजे," असं ते म्हणाले. आमचं पुढचं सगळं काम या एका मागणीतून निघालं.

आजही ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, "आउटपुट किती?" आमचं मत ठाम आहे: जुन्या स्लाईडचा, म्हणजे तारांवर नळी किंवा कांडी सरकवून वाजवलेल्या गिटारचा, आवाज हवा असेल तर पिकअप कमी ताकदीचा घ्या. फेरे वाढवले की आवाज मोठा होतो, पण वरचे सूर दबतात. काचेची नळी तारेवरून सरकते तेव्हाची बारीक खरखर, बोटाच्या कंपाचा हेलकावा, दोन सुरांमधली वाट, हे सगळं त्या वरच्या पट्टीत असतं. शिवाय चुंबक जोरदार असून तारेच्या फार जवळ आलं तर ते तारेलाच ओढतं आणि सूर डळमळतो. स्लाईडमध्ये पडदा साथीला नसतो, सूर हाताने धरायचा असतो. तिथे हे अजिबात चालत नाही.

इलेक्ट्रिक गिटारचा जन्मच स्लाईडसाठी झाला, याचं आम्हाला फार अप्रूप आहे. रिकेनबॅकर या अमेरिकन कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ १९३२ मध्ये बाजारात आली. ती मांडीवर घेऊन वाजवायची लॅप स्टील होती आणि तिच्या पिकअपचे नालेच्या आकाराचे चुंबक तारांच्या वरून कमान करून जात. पुढे शिकागोच्या व्हॅल्को कंपनीने सुप्रो लॅप स्टीलमध्ये असे पिकअप लावले की तारा त्यांच्या मधूनच जात. अमेरिकन स्लाईडवादक राय कूडर यांनी तसाच एक पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारच्या ब्रिजपाशी, म्हणजे घोडीजवळ, बसवला आणि नेकपाशी, म्हणजे मानेजवळ, जपानी टेस्को कंपनीचा गोल्ड फॉइल पिकअप. एके काळी स्वस्तातल्या गिटारींत जायचे असे हे पिकअप! आज स्लाईडवाले ते शोधत फिरतात. गोल्ड फॉइलची कॉइल उथळ आणि चुंबक मवाळ, म्हणून तारेला मोकळं हलता येतं.

आम्ही सध्या दोन प्रकार बनवतो. पहिला या गोल्ड फॉइलच्या वळणाचा. दुसरा सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा), अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचा, पण पोल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे चुंबकाचे खुंट, सगळे एका पातळीत. जुन्या स्ट्रॅटमध्ये पोल खालीवर असत, कारण तेव्हा तिसरी तारही गुंडाळलेली असायची. आता ती साधी असते आणि उंच पोलमुळे एकटीच ओरडते. स्लाईड सगळ्या तारांवर एकदम टेकते, त्यामुळे हा फरक लगेच कानाला टोचतो.

परदेशी कागदावर तार एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) ४२ लिहिलेली असते. आपल्या बाजारात तिच्या सर्वांत जवळची ब्रिटिश मापाची (एसडब्ल्यूजी) ४६ नंबरची, म्हणजे साधारण ०.०६ मिलिमीटर. ती भरताना पंखा बंद, दार बंद. बोटांत फेल्टचा तुकडा, त्यातून तार सरकते. ताण जरा वाढला की तार लांबते, आणखी वाढला की तुटते. वडिलांचा अंगठा हा ताण बरोबर ओळखायचा. मशीन आता आमच्याकडे आहे, पण तार अजून हातानेच धरतो. नंतर पॅराफिन आणि मधमाशांच्या मेणात कॉइल बुडवतो, नाहीतर आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारतो.

मीटरच्या आकड्याबद्दल मराठवाड्यातल्या मित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. तापमान १ अंशाने वाढलं की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ६ किलोओहम दाखवणारी कॉइल मे महिन्यात ४३ अंशांना साडेसहा दाखवते. फेरे तेवढेच, आवाजही तोच. म्हणून आम्ही प्रत्येक डबीवर रोधाबरोबर तापमानही लिहितो.

बाकी सामानाचंही बोलायला हवं, कारण नुसत्या पिकअपने टोन येत नाही. तारा जाड घ्या, पहिली १२ किंवा १३ ची (इंचाचे हजारावे भाग), आणि उंच ठेवा, म्हणजे स्लाईड पडद्यांवर आपटत नाही. तारा वर गेल्या की पिकअपही थोडा वर घ्यावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात आणि आवाज पातळ म्हणून आमच्याकडे फोन करतात. काचेचा सूर गोल, पितळेचा खरबरीत. अमेरिकन स्लाईडवादकांपैकी ड्युएन ऑलमन औषधाची काचेची बाटली वापरत, तर लोवेल जॉर्ज पान्याचं सॉकेट. अँप लहान, ५ वॅटचा व्हॉल्व्हचा असेल तर उत्तम. पण आपल्याकडे बहुतेक वादक थेट मिक्सरलाच वायर लावतात. मिक्सरच्या लाइन इनपुटवर पिकअपचा दम कोंडतो, त्याला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. त्यासाठी आम्ही एफईटीची (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) छोटी बफर डबी करून देतो, ती पिकअप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची. खरं सांगायचं तर अनेकांना नव्या पिकअपची गरजच नसते, ही डबी पुरते, आणि आम्ही तसं तोंडावर सांगतो.

लाइट गेल्यावर कार्यक्रम साध्या इन्व्हर्टरवर चालला तर सिंगल कॉइल गुरगुरते. गिटारला आतून तांब्याची पट्टी लावली की चरचर कमी होते, पण ५० हर्ट्झची घुमघुम तिने जात नाही. त्यासाठी दोन पिकअपची जोडी घ्यावी, ज्यात दुसऱ्याचे वेढे आणि चुंबक पहिल्याच्या उलटे असतात, किंवा गिटार ट्रान्सफॉर्मरपासून लांब धरावी.

ऑर्डर देताना तारांचं गेज, ट्यूनिंग (मोकळ्या तारा कोणत्या कॉर्डला लावता, ओपन डी की ओपन जी), गिटार उभी वाजवता की मांडीवर, आणि वायर कशात लावता, एवढं कळवा. शक्य असेल तर वाजवतानाचं फोनवरचं साधं रेकॉर्डिंग पाठवा. ते ऐकूनच आम्ही फेरे ठरवतो. एप्रिल-मेमध्ये मोटारींचं काम अजूनही जोरात असतं, त्या दिवसांत पिकअपला महिनाभर धरून चला.